दवाखान्यातली टाकी

माझ्या भावाला कामाला लावा, असं ताईनं म्हटलं की तिचे यजमान आधी हसत आणि मग विषय बदलत. ते दातांचे डॉक्टर. भाऊ कॉलेज सोडल्यापासून त्यांच्याच घरी सोफ्यावर पडून असे, इकडची काडी तिकडे करत नसे, आणि नातेवाइकांची बोलणी मात्र ताईनं खायची. या खेपेला तिनं पिच्छाच सोडला नाही. शेवटी परिषदेला निघताना डॉक्टर म्हणाले, "दवाखान्यातली माशांची टाकी सांभाळू दे आठवडाभर. सांभाळली, तर काउंटरवर बसवतो."

समुद्राच्या माशांची ती टाकी म्हणजे डॉक्टरांचा जीव की प्राण. खारं पाणी भरून, दगड रचून, ते महिनाभर नुसत्या रिकाम्या टाकीकडे बघत बसले होते. मासे आले त्यानंतर. मेहुण्याला त्यांनी दोनच कामं दिली. चिमूटभर खाणं घालायचं आणि आटेल तेवढं गोडं पाणी ओतायचं. "बाकी कशालाही हात लावू नकोस," त्यांनी बजावलं.

भावानं अगदी तेवढंच केलं, आणि एकदाही चुकवलं नाही. पण ताईला चैन कुठली! ती बघायला गेली, तर दगडांवर तपकिरी थर.

"ही घाण दिसत नाही तुला?"

"भावोजी हात लावू नको म्हणालेत."

"सांगितलं तेवढं कुणीही करतं. जरा स्वतःहून काही करून दाखव की! आळसाला निमित्त बरं सापडतं तुला."

ते त्याला लागलं. बाह्या सरसावून त्यानं सगळे दगड काढले, नळाच्या गरम पाण्याखाली ब्रशनं घासले, वाळू धुतली, फिल्टरचा स्पंज पिळून पिळून पांढरा केला. घामानं निथळणाऱ्या भावाकडे बघून ताईचा ऊर भरून आला. तिनं फोटो काढला आणि सगळ्या नातेवाइकांना पाठवला.

डॉक्टर परत येईपर्यंत एकेक करून सगळे मासे मेले.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी एक लख्ख दगड हातात घेतला. "माशांची घाण पचवणारे जिवाणू यातच असतात. ते वाढायलाच तर महिना थांबलो होतो. कुणी सांगितले तुला हे उद्योग?"



"मलाच वाटलं," भाऊ म्हणाला.

"वाटलं! अरे, नुसता झोपून राहिला असतास तरी जगले असते." मग ते बायकोकडे वळले. "काउंटरचं पुन्हा काढायचं नाही." आणि आत निघून गेले.

भाऊ जाळीनं मासे काढू लागला. ताईला रडू आवरेना. आपली स्वतःची लाज वाटत होती तिला.

"माझं नाव का नाही सांगितलंस रे?"

"सांगून काय होणार, ताई? काहीच न करणं, एवढं एकच मला जमतं. आयुष्यात पहिल्यांदा त्याचीच नोकरी मिळत होती. तीही तू करू दिली नाहीस."