ढोलीतला मोबाईल

बिसनलालचा मोबाईल बैलांच्या पाण्याच्या टाक्यात पडला. ओला मोबाईल तांदळात ठेवला की सुकतो, असं त्यानं व्हिडिओत पाहिलं होतं. पण तांदळापेक्षा न कांडलेलं धान जास्त कोरडं, असं डोकं चालवून त्यानं मोबाईल थेट धान साठवायच्या ढोलीत खुपसला. त्याच दुपारी बायकोनं, धनवंतानं, वरून पाच पोती नवं धान ओतलं.

आता धनवंता कमरेएवढ्या धानात उभी राहून टोपल्यांनी ढोली उपसत होती. कुसानं हात खाजून लाल झाले होते.

"अवो, डब्यातल्या तांदळात ठेवाचा होता! ढोलीत कायले टाकला?"

"तूच पोते ओतले न वरून," बिसनलाल बाहेरून म्हणाला. "रिंग देऊन पाह्य न."

"बंद मोबाईल वाजते का?" तिचं टाळकं सरकलं.

खोल कुठंतरी चपटं काही हाताला लागलं. तिनं उपसून काढलं, तर तो टीव्हीचा रिमोट! दिवाळीपासून हरवलेला. त्याच्यापायी तिनं पोरीला, रिंकीला, महिनाभर फैलावर घेतलं होतं.

धनवंतानं रिमोट नवऱ्यापुढे धरला.

बिसनलाल भिंतीकडे पाहत म्हणाला, "तो भी ओलाच होता."