शुद्धीतली पावलं

"आणखी थोडा तोल जाऊ दे," काचेपलीकडून दिग्दर्शक म्हणाला, आणि पाऊलबाईंनी उजवा बूट घासत डावा जरा उशिरा टेकवला. पडद्यावरचा दारुडा नवरा जिना चढत होता. चेहरा नटाचा, पावलं मात्र बाईंची. सिनेमात चालण्याचे आवाज मागाहून वेगळे भरतात. पडद्याकडे बघत, पुरुषी बूट घालून जागच्या जागी चालण्यात बाईंची बावीस वर्षं गेली होती. त्यांचं खरं नाव स्टुडिओत कुणाला आठवतही नव्हतं.

दारुड्याची पावलं एका फटक्यात जमली. दिग्दर्शकाने तोंडभर कौतुक केलं, हे कुठे शिकलात म्हणून विचारलं. बाई नुसत्या हसल्या. घरी सोळा वर्षं फुकटची शिकवणी होती, हे काय सांगायचं! नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा, आणि राहायला बिनलिफ्टचा तिसरा मजला. संध्याकाळ झाली की बाई हातातलं काम टाकून जिन्याकडे कान लावायच्या. पहिल्या पाच पायऱ्यांतच कळायचं, आज जेवायला वाढायचं की फुटतील अशा वस्तू आवरायच्या.

आता शेवटचा प्रसंग राहिला होता. नवरा सुधारून घरी येतो, बायको धावत जाऊन मिठी मारते, सगळं माफ. सिनेमात याला दोन मिनिटं लागतात, तीही गाण्यासकट. बाईंना अकरा महिने पुरले नव्हते.

कारण त्यांच्या नवऱ्यानेही दारू सोडली होती. निदान तो तसं म्हणाला होता, आणि त्या दिवसापासून त्याचं चालणंच बदललं. प्रत्येक पाऊल जपून, सरळ, सारखं. बाईंच्या कानाला ही चाल ओळखीची होती. इतकं जपून तोच चालतो, ज्याला प्यालेलं लपवायचं असतं. दुधाने तोंड पोळलेल्या बाईने ताक फुंकलं, यात तिचं काय चुकलं? दार उघडलं की त्या आधी त्याच्या तोंडाचा वास घ्यायच्या. वास नसायचा. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पुढे पुढे तर तो न सांगताच दाराबाहेर उभा राहून आ करायचा.

"अजून किती दिवस?" एकदा त्याने विचारलं होतं.

"बघू," बाई म्हणाल्या होत्या.

बाराव्या महिन्यात कामावर असतानाच त्याचं हृदय बंद पडलं. त्या 'बघू'च्या पुढचं काही त्याला सांगायचं बाईंचं राहून गेलं.

रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागला. शुद्धीवर आलेल्या नवऱ्याची दुसरी कुठली चाल बाईंना ठाऊकच नव्हती. त्या आपल्या माणसाची शेवटची पावलं चालल्या. जपून, सरळ, सारखी. हा तर अजून प्यालेलाच वाटतो, असं दिग्दर्शक म्हणणार, याची त्यांनी मनाशी तयारी ठेवली होती.

"हेच हवं होतं," तो म्हणाला. "किती घाबरलाय हो बिचारा. बायको दारात तरी उभं करेल का, या धास्तीनं पाय उचलत नाहीये त्याचा."

बाई बूट न काढताच स्टुलावर टेकल्या. "घाबरलाय?"

"नाहीतर काय. प्यालेल्याला कसली आलीय भीती?"

सोळा वर्षं त्या त्याला घाबरल्या होत्या. नंतर अकरा महिने तो त्यांना घाबरत होता, आणि एवढ्या तयार कानाला ते कळलं नव्हतं. बाईंना स्वतःची लाज वाटली. त्याचा रागही होताच, पण त्या रागाखालून त्याची आठवण उसळून आली.

बायकोची पावलं उद्या घेऊ, दिग्दर्शक म्हणाला. त्यांचा चेहरा त्याने पाहिला असावा.

"नको, आत्ताच घ्या," बाई म्हणाल्या आणि बूट काढून अनवाणी उभ्या राहिल्या.

पडद्यावर बायकोने पावलं ऐकली, हातातलं टाकलं आणि ती दाराकडे धावली. बाई धावल्या. पडद्यावरची बायको चार ढांगांत पोचली, नवऱ्याच्या गळ्यात पडली आणि तिथेच थांबली. दिग्दर्शकाने पुरे म्हणून हात वर केला.

बाई धावतच होत्या.