दोन नाताळांची मकीत्रा

मित्रांनो, माझ्या पोटात एके काळी एकशे बारा रेघा होत्या. कुंभाराने ओल्या मातीवर लाकडी फणी फिरवून त्या ओढल्या होत्या. आज आत बोट फिरवलंत तर काठाजवळच्या थोड्या हाताला लागतील. तळाशी मी गारगोटीसारखी गुळगुळीत झाले आहे. मी एक जुनी मकीत्रा आहे, म्हणजे खसखस रगडायची रुंद तोंडाची मातीची कुंडी. रेघा खरखरीत असतात म्हणून दाणा फुटतो आणि त्यातून पांढरं दूध निघतं. रेघा झिजल्या की दाणा बत्त्याखालून नुसता निसटत राहतो आणि रगडणाऱ्याचा हात भरून येतो.

माझा जन्म पोल्तावा शहराच्या बाजूचा. भट्टीतून काढल्यावर कुंभाराने मला बोटाच्या पेराने वाजवून पाहिलं, तेव्हा आवाज स्वच्छ आला. माझी आताची मालकीण मोत्र्या, तिच्या सासूनेही मला बाजारात तसंच वाजवून घेतलं. त्या काळी मॉस्कोचा अंमल होता, नाताळ उघडपणे करायची सोय नव्हती. शाळेतल्या बाई संध्याकाळी खिडक्यांतून डोकावत, कोणाच्या टेबलावर कापडाखाली नाताळच्या रीतीचं गवत पसरलंय का ते बघत. म्हणून पडदे ओढून, माझ्याखाली घडीचं घोंगडं ठेवून, आवाज न करता खसखस रगडली जाई. गव्हाच्या खिरीत ती पडल्याशिवाय नाताळच्या आदल्या संध्याकाळचं जेवण सुरूच होत नसे. मी तेव्हा नवी होते, दमत नव्हते.

पुढे मोत्र्या सून म्हणून आली आणि मी तिच्या गुडघ्यांमध्ये बसू लागले. मोत्र्याच्या खसखशीला सगळ्यांत लवकर दूध येतं, असं सगळी आळी म्हणायची. श्रेय दोघींचं होतं, पण मला कोणी विचारलं नाही.

तिचा मुलगा ओस्ताप अकरा वर्षांचा असताना त्याच्या हातून मी पडले. काठापासून मध्यापर्यंत तडा गेला. मोत्र्याने लाटणं उचललं तेव्हा तो टेबलाभोवती पळत ओरडला, "आई, मारायचं नंतर बघ! आधी ही गळते का ते तर बघ!" त्याने कुंपणाची तार आणून मला काठाखाली दोन वेढे आवळले आणि आत पाणी भरून रात्रभर ठेवलं. मी गळले नाही. मात्र तेव्हापासून वाजवलं की माझा आवाज खोकल्यासारखा येतो.

तोच ओस्ताप मोठा झाला, त्याचं लग्न झालं, आणि मग तो मॉस्कोविरुद्धच्या लढाईवर गेला. एका वसंतात त्याचा शेवटचा फोन आला. "आई, नाताळच्या जेवणाला येतोच. खसखस नीट रगड. मागल्या वेळी दाताखाली कचकच लागत होती." त्यानंतर आलं ते फक्त एक पत्र. त्यात 'बेपत्ता' एवढाच शब्द कामाचा होता.

त्याच उन्हाळ्यात देशाने मॉस्कोसारखं जुनं पंचांग पाळणं सोडलं आणि नाताळची तारीख बदलली. आदल्या संध्याकाळचं जे जेवण सहा जानेवारीला व्हायचं, ते चोवीस डिसेंबरला आलं. गावाने ते आनंदाने मान्य केलं, मोत्र्यानेही केलं. पण ती दोन्ही दिवशी जेवण मांडू लागली, आणि मी वर्षातून दोनदा बाहेर निघू लागले.

शेजारची पलाझ्का कुंपणावरून म्हणाली, "काय गं मोत्र्या, यंदाही दोन-दोन नाताळ? एक देवाचा, एक मॉस्कोचा?"

"मॉस्कोला माझ्या चुलीतली राखसुद्धा मिळायची नाही. एक देवाचा आणि एक माझ्या लेकाचा. तारीख बदलली हे त्याला कोण सांगणार होतं? तो जुन्याच दिवशी येईल ना!"

पलाझ्का म्हणाली, "बरं बाई. अळंब्यांचं सार दोन्ही दिवशी करणार असशील तर मी दोन्ही दिवशी येईन."

हा दुसरा हिवाळा. मोत्र्याचं मनगट सुजलेलं असतं, म्हणून तिची सून, ओस्तापची बायको झोर्याना हिने विजेवर चालणारं यंत्र आणलं. डिसेंबरात त्याने चार मिनिटांत खसखस बारीक केली. खोटं बोलणार नाही, चव बरी होती. मला फक्त खीर कालवायला घेतलं.

मित्रांनो, इथे एक रीत आहे. जेवण झालं की उरलेली खीर आवरायची नाही. घरातल्या प्रत्येक मेलेल्या माणसाच्या नावाने तिच्यात एक चमचा रोवून ठेवायचा. आपली माणसं रात्री येऊन जेवतात. या घरात असे तीन चमचे असतात. सासूचा, सासऱ्याचा आणि मोत्र्याचा नवरा पानास याचा. ओस्तापचा चमचा मात्र टेबलावर त्याच्या रिकाम्या ताटाशेजारी ठेवलेला असतो, कारण जिवंत माणूस ताटावर बसून जेवतो.

झोर्याना पावाच्या कारखान्यात दोन पाळ्या करून आली होती. आवरताना तिचे डोळे मिटत होते. हाताला लागले ते चमचे तिने माझ्यात रोवले आणि ती झोपायला गेली. माझ्या तळाला चार चमचे टेकले. मला मोजता येतं, सांगता येत नाही.

सकाळी मोत्र्याने मोजले. "हा चौथा कोणाचा?"

झोर्याना डोक्याला रुमाल बांधत होती. तिचे हात थांबले. "आई, मी उभ्या उभ्या झोपत होते. चुकून गेला."

"दांड्यावर त्याच्या दुधाच्या दातांच्या खुणा आहेत. हाताला लागल्या नाहीत?"

"मला काय तो मेलेला हवाय?"

"मी तसं म्हटलं नाही."

"म्हणायला कशाला पाहिजे! तोंड बघा तुमचं."

त्यानंतर दोघी मीठ दे, दार लाव, एवढंच बोलत राहिल्या. बारा दिवस गेले.

सहा जानेवारीला दुपारपासून वीज नव्हती. यंत्र टेबलावर मुकाट बसून होतं. मोत्र्याने खसखशीवर उकळतं पाणी ओतलं, मनगटाला पट्टी आवळली आणि मला गुडघ्यांत धरलं. तासभर बत्ता फिरत होता. दाणे माझ्या गुळगुळीत तळावरून निसटत होते, राखाडीचे राखाडीच. माझ्या उरल्यासुरल्या रेघा काठाशी होत्या, आणि तिच्या हातात तिथवर जोर पोचत नव्हता. शेवटी तिने बत्ता खाली ठेवला. "तूही दमलीस, मीही दमले," ती मला म्हणाली. इतक्या वर्षांत तिने खसखस अर्धी सोडल्याचं मी पाहिलं नव्हतं.

झोर्याना आली, तिच्या कोटावर बर्फ होतं. "आई, पहिला तारा दिसतोय, जेवायला बसायची वेळ झाली. खसखस झाली?"

"दूध येत नाही. राहू दे यंदा." मोत्र्या भिंतीकडे बघत होती. "तो चमचा तू ठेवलास, तेच कदाचित बरोबर होतं."

झोर्यानाने कोट काढला, बाह्या सारल्या, आणि बुटक्या स्टुलावर बसून मला ओढून घेतलं. आत बोट फिरवलं. "तळाला काही उरलेलं नाही. काठाला आहे."

"तिथे तडा आहे. तार सुटेल."

"तुमच्या लेकाने बांधलीय. नाही सुटायची."

तिने मला तिरकं धरलं आणि दाणे काठाशी घेऊन रगडायला लागली. तडा चरचरला, तार कातडीत रुतावी तशी रुतली. मी श्वास धरला, म्हणजे माती जसा धरते तसा. बऱ्याच वेळाने बत्त्याच्या टोकाशी एक पांढरा थेंब आला.

"आलं का गं?" मोत्र्याने विचारलं.

"आलं, आई. कचकच लागणार नाही त्याला."

पलाझ्का मेणबत्ती घेऊन आली. "ओस्तापच्या नाताळला आलेय हो, दुसऱ्या कोणाच्या नाही," असं दारातूनच सांगून बसली. तिघी जेवल्या. चौथं ताट रिकामं राहिलं.

आवरायच्या आधी झोर्यानाने त्या ताटाशेजारचा चमचा उचलला, पुसला आणि एप्रनच्या खिशात घातला.

"कुठे ठेवतेस तो?"

"माझ्याजवळ. आता बाकीचे द्या."

त्या रात्री माझ्यात तीनच चमचे होते.

मित्रांनो, मला कपाटात शोभेला ठेवू नका, आणि धुऊन ओलीच पालथी घालू नका. ओल तड्यात शिरते. कोणी एकच काम दोनदा करताना दिसलं तर हसण्याआधी एकदा विचारा, कोणासाठी. आणि माझ्यासाठी मागायचंच झालं तर एवढंच मागा, की ओस्तापला नवी तारीख कळू दे. घराच्या दारात उभं राहून, त्याच्या आईच्या तोंडून. मग मी वर्षातून एकदाच रगडेन. काठाच्या रेघा तेवढ्याला पुरतील.