भरलेला हॉल

मारोतराव कुंभलकर पोस्टातून निवृत्त झाले होते आणि धंतोलीतल्या स्वरार्चना संगीत मंडळाचे चिटणीस होते. मंडळ एके काळी चांगलं चालायचं. १९७४ साल उजाडेपर्यंत मात्र महिन्याच्या मैफलीला पंधरा-वीस माणसं जमली तरी मारोतराव समाधान मानायचे. लोक ऑर्केस्ट्राला जायचे, सिनेमाला जायचे. शाळेच्या हॉलमध्ये मांडलेल्या खुर्च्या तशाच उचलून ठेवाव्या लागायच्या.

त्या हिवाळ्यात जया बोकारे नावाची कॉमर्सची प्राध्यापिका त्यांच्याकडे आली. विदर्भातल्या संगीत संस्था कशा चालतात, त्यांना पैसा कुठून येतो, ऐकायला कोण येतं, यावर ती संशोधन करत होती. अनुदान कोणाला द्यायचं हे ठरवणाऱ्या समितीनेही तिचा अहवाल मागवला होता.

"तुमची एक मैफल मला बघायची आहे," ती म्हणाली. "श्रोत्यांशी थोडं बोलेनही."

मारोतरावांनी तिला पुढच्या रविवारी सकाळची मैफल सांगितली. गाणार होत्या अंजनाबाई. बाई साठीच्या पुढे गेल्या होत्या, इतवारीत एका खोलीत राहायच्या आणि दोन मुलींना गाणं शिकवायच्या. मोठ्या हॉलमध्ये गाऊन त्यांना कितीतरी वर्षं झाली होती.

जया गेली आणि मारोतरावांना धास्ती बसली. रिकामा हॉल बघून ती काय लिहील, ते त्यांना दिसत होतं. ते लकडगंजला ओमप्रकाश सेठकडे गेले. सेठची तिथे लाकूड कापायची आरामशीन होती आणि मंडळाचे ते खजिनदार होते.

"माणसंच पाहिजेत ना," सेठ म्हणाले. "माझे मजूर आहेत, बाजूवाल्याचे आहेत. रविवारची हजेरी लावून देतो, वरून चणा-पोहा. तुम्ही काहून टेन्शन घेऊन राहिले?"

"बरं दिसत नाही सेठ."

"रिकाम्या खुर्च्या बऱ्या दिसतात का?"

घरी येताना मारोतरावांनी स्वतःला समजावलं, की यात कोणाचं नुकसान नाही. मजुरांना सावलीत बसायला मिळेल, मंडळ जगेल, आणि बाईंनाही बरं वाटेल.

रविवारी हॉल भरला. माणसं धुतलेले सदरे घालून आली होती, काहींच्या भुवयांत अजून लाकडाचा भुसा होता. मधे उठायचं नाही, बोलायचं नाही, असं सेठने बजावलं होतं, म्हणून सगळी ताठ बसली होती. नेहमीचे पंधरा-वीस श्रोते आश्चर्याने इकडेतिकडे बघत होते. जया मागच्या खुर्चीवर बसली.

अंजनाबाई पडद्याआडून आल्या आणि थबकल्या. त्यांनी मारोतरावांकडे पाहिलं.

"एवढे लोक?" त्यांनी हळूच विचारलं.

"तुमच्यासाठी आले," मारोतराव म्हणाले. हे वाक्य त्यांनी ठरवलेलं नव्हतं. ते तोंडातून निघून गेलं.

बाईंनी तोडी सुरू केली. पहिली दहा मिनिटं आवाज चाचपडत होता. मग तो मोकळा झाला, आणि मारोतरावांनी गेल्या कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं असं गाणं त्या गायला लागल्या. कोणी खोकत नव्हतं, कोणी हलत नव्हतं. ती शांतता बाईंना दाद वाटत होती. समोरच्या रांगेत देवाजी नावाचा म्हातारा मजूर डोळे मिटून बसला होता. बाई त्याच्याकडे बघून गात होत्या. त्यांनी खांद्यावरची शाल काढून बाजूला ठेवली. भैरवी संपली तेव्हा टाळ्या जरा उशिरा वाजल्या, पण जोरात वाजल्या. बाईंनी पदराने डोळे पुसले. मारोतरावांना तेव्हाच तिथून निघून जावंसं वाटलं.

बाहेर व्हरांड्यात पोह्यांची रांग लागली होती. जया एकेकाला थांबवून विचारत होती. देवाजीला तिने विचारलं, "या कार्यक्रमाची माहिती तुम्हाला कुठून मिळाली?"

"सेठजीनं सांगतलं," देवाजी म्हणाला. "आज मशीन बंद, पण हजेरी इथं आहे."

"हजेरी म्हणजे?"

"रोजी भेटते ना आजची. आम्ही सारेच तिथले."

त्याला यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं. त्याच वेळी अंजनाबाई त्याच्या मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. पुढच्या रांगेतल्या त्या माणसाचे आभार मानावे, म्हणून त्या हात जोडून आल्या होत्या. देवाजी वळला, त्याने त्यांना पाहिलं आणि तो ओशाळला.

"बाई, तुम्ही चांगल्या गायल्या," तो म्हणाला. "खोटं काहून बोलू? पण आम्हाले त्यातलं समजत नाही."

बाईंचे हात जोडलेलेच राहिले. "काही हरकत नाही, दादा," त्या म्हणाल्या. "पोहे खाऊन घ्या."

मग त्यांनी मारोतरावांकडे एकदा पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर मारोतरावांना सोपं गेलं असतं. बाईंनी स्वतःच तानपुरा गवसणीत घातला, रिक्षा बोलावली आणि बिदागी न घेता गेल्या.

जया कागद मिटून मारोतरावांजवळ आली. "हा प्रकार मी आणखी एका ठिकाणी पाहिला आहे," ती म्हणाली. "तुमचं नाव मी लिहिणार नाही. पण आजची गर्दी मला श्रोते म्हणून धरता येणार नाही."

"नाव लिहा," मारोतराव म्हणाले. त्यांना मान वर करता येत नव्हती.

दोन दिवस ते घरातच होते. मग बिदागीचं पाकीट घेऊन इतवारीत गेले. अंजनाबाई दारात अंबाडीची भाजी निवडत बसल्या होत्या. त्यांनी पाट सरकवून दिला. मारोतराव उभेच राहिले.

"माझं चुकलं, बाई."

"बसा." त्या देठ खुडत राहिल्या. मग म्हणाल्या, "एक विचारू? याच्या आधी पण असंच करत होते का तुम्ही?"

"नाही. आईची शपथ, नाही."

"मौदा गावाले मी गायली होती, तरुणपणी. लोक झाडावर चढून बसले होते. त्यांले पण कोणी बसवलं होतं का?"

"नाही बाई. ते आपल्या मनानं आले होते."

"तुम्हाले कसं माहीत? तुम्ही तिथं कुठं होते?"

मारोतराव पाटावर टेकले. बाई आवाज न चढवता बोलत होत्या. "दोन रात्री एकेक मैफल आठवून राहिली आहे मी. कोणती खरी होती, तेच कळत नाही. रिकामा हॉल मी पाहिला आहे, मारोतराव. त्याच्यासमोर गायली आहे. त्याचं दुःख वाटत नाही मले."

पाकीट त्यांनी घेतलं नाही. चहा मात्र दिला, आणि मारोतरावांना तो संपवावा लागला.

मारोतरावांनी चिटणीसपद सोडलं. अनुदान मंडळाला मिळालं नाही. ओमप्रकाश सेठ म्हणाले, त्या पोरीनं घोळ केला. मारोतरावांनी त्यांना सांगितलं, घोळ आपण केला. त्यानंतर दोघांचं येणंजाणं कमी झालं. मंडळाच्या गाण्याच्या बैठका एका वकिलाच्या दिवाणखान्यात होऊ लागल्या. मारोतराव कधीतरी जायचे आणि भिंतीकडेला बसायचे.

पुढच्या पावसाळ्यानंतर त्याच दिवाणखान्यात अंजनाबाईंचं गाणं ठरलं. सतरंजीवर पंचवीसेक माणसं दाटीने बसली होती. बाई आल्या, तानपुरा लावून झाला, तरी त्या गायला सुरुवात करेनात. एकेका चेहऱ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी वकिलांना विचारलं, "कोणाले बोलावून तर नाही आणलं ना?"

लोक हसले. वकीलही हसून म्हणाले, "नाही हो बाई, सगळे आपणहून आले आहेत."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटून षड्ज लावला. भिंतीकडेला बसलेले मारोतराव सतरंजीकडे बघत राहिले. गाणं चांगलं झालं, असं नंतर सगळे म्हणाले. मारोतरावांना ते नीट ऐकता आलं नाही.