दार लावून चालू होणारं मशीन

कुसुमताईंचा स्वभाव मुळातच संशयी. भाजीवालीने काटा मारला असेल, दूधवाल्याने पाणी घातलं असेल, पाहुण्याने मुक्काम वाढवला तर त्यामागे काहीतरी काम असेल. आणि खोटं कशाला बोला, बऱ्याचदा त्यांचा संशय खरा निघायचा, हीच खरी पंचाईत होती. ज्याचे संशय खरे निघत जातात, तो माणूस हळूहळू स्वतःच्या डोळ्यांपेक्षा संशयावरच जास्त विसंबायला लागतो.

शहरातल्या महाल भागातलं त्यांचं घर अरुंद आणि लांबलचक होतं. रस्त्याच्या बाजूला टायपिंगचा वर्ग, मग माजघर, मग स्वयंपाकघर आणि शेवटी अंगण. सगळी दारं एका रेषेत, त्यामुळे अंगणात उभं राहिलं की थेट वर्गातल्या खुर्च्या दिसायच्या. नवरा, गोपाळराव, कोर्टात टंकलेखक होते. त्यांनी नोकरी सांभाळून हा वर्ग काढला आणि जाताना बायकोच्या हाती तेवढाच ठेवला. मूलबाळ नव्हतं. वर्ग चालला तर चूल पेटायची, नाही तर अकोल्याला भावाच्या दारात जाऊन बसायचं, आणि भावजयीचं तोंड कसं आहे हे कुसुमताईंना चांगलं माहीत होतं.

सत्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात मुलं पायरीवरूनच विचारायला लागली, "कॉम्प्युटर शिकवता का?" नाही म्हटलं की आल्या पावली परत. तेव्हा मदतीला धावून आला तो रविंद्र, गोपाळरावांचा धाकटा भाऊ. कुसुमताई लग्न होऊन आल्या तेव्हा हा शाळेत जायचा. त्याचे सदरे त्यांनी शिवले, त्याचे नापासाचे कागद त्यांनी सासऱ्यापासून लपवले. आता तो शहराबाहेर वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात कारकून होता, तिथेच खोली घेऊन एकटा राहत होता. हाताला मात्र उपजत कसब. बंद पडलेला रेडिओ दिसला की त्याला जेवण गोड लागायचं नाही.

रविंद्रने दिल्लीच्या एका बुडालेल्या कंपनीचं मशीन पैदा केलं. शाळेतल्या मुलांसाठी बनवलेलं, पाटीपेक्षा थोडं मोठं, टीव्हीला जोडायचं. त्यावर बेरजा व्हायच्या, चित्रं निघायची; पण ऑफिसांतून जे डॉस चालायचं, जे शिकल्याशिवाय नोकरी मिळत नव्हती, ते यावर चालणार नाही असं कंपनीने आपल्या पुस्तिकेतच छापून ठेवलं होतं. रविंद्रने भिलईच्या मित्राकडून एक जादाचं कार्ड आणलं, फेरफार केलेली फ्लॉपी आणली, ती फिरवायचा डबा मशीनच्या पोटातूनच वीज घेऊन जोडला, आणि एका रविवारी टीव्हीवर डॉस उमटलं. कुसुमताईंनी त्याच्या शब्दावर नवऱ्याचे टाइपरायटर विकून टाकले. दोनच ठेवले, तेही एक आठवण म्हणून आणि एक गिऱ्हाईक मिळालं नाही म्हणून.

वर्ग भरला. पण रविंद्रने पहिल्या दिवसापासून एक नियम केला. सकाळी वाडीहून सायकलने यायचं, वर्गाचं दार आतून लावून घ्यायचं आणि मशीन चालू झाल्याशिवाय उघडायचं नाही. आत कोणी यायचं नाही, वहिनीनेसुद्धा नाही.

"मले शिकव ना चालू कराले," कुसुमताई एकदा म्हणाल्या.

"वैनी, ते तुम्हाले नाही समजायचं," रविंद्र त्यांच्याकडे न पाहता म्हणाला.

तिथेच पाल चुकचुकली. भाजीवालीच्या काट्याबद्दलही जी बाई दोनदा विचार करते, तिला असं उत्तर द्यायचं म्हणजे गवताच्या गंजीत काडी टाकणंच.

तेव्हापासून सकाळचा तो वेळ कुसुमताईंना खायला उठायचा. महालात नळ यायचा तो सकाळीच, आणि तोही करंगळीएवढ्या धारेने. म्हणून गल्लीत घरोघरी नळाला छोटी मोटर जोडलेली. पालिकेचा माणूस दिसला की ती पोत्याखाली जायची. कुसुमताई मोटर लावून ड्रम भरत बसायच्या आणि कान वर्गाकडे ठेवायच्या. मोटरीच्या घरघरीतूनही आतला बटणाचा आवाज यायचा. खटक. थोडी शांतता. खटक. मग काहीतरी पुटपुटणं. पाणी भरून, पदर पिळून त्या चहा घेऊन माजघरात येईपर्यंत दार उघडायचं आणि घामाने निथळलेला रविंद्र म्हणायचा, "झालं." सरळ बटण दाबायचं सोडून हा इतका वेळ आत काय करतो, हे त्यांना कळेना.

शेजारच्या सिंधूताईंना मात्र सगळं कळत होतं. त्यांना नेहमीच कळायचं.

"काहून वं कुसुम, तुह्या दिराले धरमपेठेत पाह्यलं मी. एकदा नाही, दोनदा. जागा पाहून राहिला वाटते."

"कायची जागा?"

"आता वर्गाची नाही तं काय लग्नाची? पोरं तुह्या घरी गोळा करन, अन् एक दिवस किल्ली घेऊन जाईन उचलून. मशीन तुह्यापाशी, अन् चालू करणं त्याच्यापाशी. तू बसशील पुसत."

कुसुमताईंनी वरवर त्यांना उडवून लावलं. पण रात्रभर एकच गोष्ट डोक्यात घोळत राहिली: टाइपरायटर गेले आहेत, आणि मशीन आपल्या हाताने चालू होत नाही. रविंद्र उद्या आला नाही तर परवा वर्गाला कुलूप.

शेवटी त्यांनी सीताबर्डीच्या एका दुकानातले आनंदराव बोलावले. कॉम्प्युटर दुरुस्त करणारा चांगला, कमी बोलणारा माणूस. रविंद्र गोदामात असतो अशा भर दुपारी बोलावले. आनंदरावांनी फ्लॉपी सरकवली, बटण दाबलं, आणि मशीनने जराही कुरकुर न करता डॉस दाखवलं. त्यांनी बंद केलं, पुन्हा लावलं. पुन्हा चालू. कुसुमताईंना लावायला सांगितलं. त्यांच्याही हाताने चालू.

"कंपनीनं नाही म्हटल्यावर बी पोरानं चालवलं, काम चांगलं आहे," आनंदराव म्हणाले. "पण ताई, याच्यात कुलूप-गिलूप काही नाही. बटन दाबा, चालू. तो दार लावून काय करते, ते त्यालेच विचारा."

सिंधूताईंवर त्यांचा भरवसा नव्हता, पण आता तर स्वतःच्या बोटाने पाहिलं होतं. लहानपणी ज्याला घास भरवला तो रोज सकाळी दाराआड बसून नाटक करत होता. त्यांना राग आला, पण त्याहून जास्त रडू आलं.

दुसऱ्या दिवशी रविंद्र आला, दार लावलं, आणि खटक-खटक सुरू झाली. कुसुमताई ड्रमापाशी बसून एकेक खटका ऐकत होत्या आणि एकेक खटक्याला त्यांचा तोल सुटत होता. वर्ग आटोपून मुलं गेली, तेव्हा त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही उद्यापासून येऊ नका."

भाऊजी आणि तुम्ही. इतक्या वर्षांत त्या त्याला रविंद्रशिवाय काही म्हणाल्या नव्हत्या. तो खुर्चीवरून उठला.

"काय झालं, वैनी?"

"मशीन चालू कराले कोणाची गरज नाही लागत. आनंदराव येऊन गेले. पह्यल्या झटक्यात झालं. मह्या हातानं बी झालं. मग तुम्ही काय करून राहिले दार लावून?"

रविंद्र म्हणाला, "खरं सांगू? ते चालू कसं होते, मलेच नाही समजत. दाबतो, नाही होत. फ्लॉपी पुसतो, पुन्हा दाबतो. कधी लवकर होते, कधी लई वेळ होतच नाही. मले वाटे, तुम्ही टाइपरायटर विकले मह्या भरवशावर, अन् मलेच येत नाही हे दिसलं तं तुम्हाले झोप नाही लागायची. म्हणून लावत होतो दार."

"अन् धरमपेठेत कोणती जागा पाह्यली?"

"धरमपेठेत आमच्या सेठचं घर आहे. मालाच्या बिल्ट्यांवर सह्या आणाले जातो."

उत्तर इतकं साधं होतं की कुसुमताईंना ते पाठ करून ठेवलेलं वाटलं. पहिल्या झटक्यात चालू होणारं मशीन याच्याच्याने होत नाही, हे कोणत्या शहाण्याने मानायचं? रविंद्र सायकल काढून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नळाला मोटर लावली, वर्गाचं दार सताड उघडलं आणि स्वतः मशीनपुढे बसल्या. रविंद्र पडदा नीट दिसावा म्हणून अंधार करून बसायचा. यांची नजर अधू, म्हणून यांनी डोक्यावरचा बल्ब लावला. टीव्ही उजळला. बटण दाबलं. डब्यातली फ्लॉपी कण्हल्यासारखी फिरली आणि थांबली. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. मुलं दारात जमली, एकमेकांकडे बघून हसायला लागली. कुसुमताईंच्या मनात आलं, जाता जाता काहीतरी करून गेला मेला. आता बसा अकोल्याला.

अंगणात ड्रम भरून वाहू लागला म्हणून त्या तणतणत उठल्या आणि मोटर बंद केली. बंद करून वळल्या, तर तिन्ही दारांपलीकडे वर्गातला पिवळट बल्ब एकदम पांढरा झालेला दिसला.

त्या ओल्या पायांनी वर्गात आल्या आणि बटण दाबलं. डॉस आलं. मशीन बंद केलं, अंगणात जाऊन मोटर लावली, परत येऊन दाबलं. फ्लॉपी कण्हली. मोटर बंद केली. डॉस आलं. मुलांना वाटलं, बाई वेड्या झाल्या.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो असा. मोटर आणि वर्ग एकाच तारेवर होते. टीव्हीला वीज सारखी ठेवणारा स्टॅबिलायझर होता, म्हणून तो कायम उजळायचा आणि विजेवर कोणाचा संशय जायचा नाही. छोट्या मशीनच्या गळ्यात मात्र कंपनीने न नेमलेलं, कार्डाचं आणि फ्लॉपीच्या डब्याचं ओझं बांधलेलं. मोटर वीज ओढायला लागली की त्याचा जीव पुरायचा नाही. एवढं सगळं कुसुमताईंना सांगता आलं नसतं. त्यांना एकच कळलं, की रोज सकाळी तो पोरगा आत घाम गाळत होता आणि त्याचं नाक दाबून त्या स्वतः मागे बसल्या होत्या. त्यांनी पदराने तोंड झाकलं आणि मुलांना घरी पाठवलं.

दुपारी त्या वाडीला गेल्या. गोदामासमोर ट्रक उभे होते, हमाल गठ्ठे उतरवत होते. रविंद्रने उठून त्यांना आपलं स्टूल दिलं आणि स्वतः उभा राहिला. कुसुमताईंनी सगळं सांगितलं, बल्बसकट.

"मोटर," तो म्हणाला.

"हो गा. आपली पाण्याची मोटर."

"कोणी सांगितलं तुम्हाले हे? आनंदरावांनी?"

"कोणी नाही सांगितलं. मी मह्या डोळ्यानं पाह्यलं."

रविंद्रने बिल्ट्यांचा गठ्ठा सारखा केला, परत सारखा केला. "वैनी, वर्ग अडला असन तं तसं सांगा. मी येतो. गोष्ट रचाची गरज नाही."

कुसुमताईंना वाटलं, स्टुलासकट जमीन खचली. खरं बोलताना इतकं अगतिक व्हायला होतं हे त्यांना आजवर ठाऊक नव्हतं. "उद्या ये, अन् स्वतः पाह्य," एवढंच त्या म्हणाल्या.

तो आला. त्या सकाळी गल्लीभर मोटरी घुरघुरत होत्या, कुसुमताईंची तेवढी बंद होती आणि नळाखाली बादलीचा तळसुद्धा झाकला नव्हता. रविंद्रने वर्गाचं दार उघडंच ठेवलं आणि बटण दाबलं. मशीन पहिल्या झटक्यात चालू झालं. त्याने मोटर लावायला सांगितली, मशीन गप्प झालं. बंद करायला सांगितली, चालू झालं. कुसुमताईंना वाटत होतं, आता हा हसेल, आपणही हसू, आणि मळभ जाईल. पण तो मशीनकडे पाहतच नव्हता. तो मागच्या दारांच्या रेषेतून अंगणातल्या मोटरीकडे पाहत होता, आणि मग त्याने वहिनीकडे पाहिलं.

"वैनी, एक विचारू?"

"विचार ना."

"दार मी लावत होतो. पण मोटर तं रोज तुम्हीच लावत होत्या. हे तुम्हाले कधीपासून मालूम होतं?"

"कालपर्यंत मले काहीच मालूम नव्हतं, रविंद्र. तुह्या दादाची आन."

"असन," तो म्हणाला.

मुलं आली. रविंद्रने नेहमीसारखंच मन लावून शिकवलं, उद्या मोटर वर्ग सुटल्यावर लावा म्हणून सांगितलं, आणि सायकल काढायला निघाला. कुसुमताई कप घेऊन दारात आल्या.

"चहा घे. आलं टाकलं आहे."

"नको, वैनी. घरून पिऊन आलो."

तो गेला. वाडीच्या त्याच्या खोलीत स्टोव्हसुद्धा नव्हता, हे कुसुमताईंना पक्कं ठाऊक होतं.