केळनगरातला भुताचा माळ

मी बोलतोय, केळनगरातला भुताचा माळ. दचकू नका. टळटळीत दुपार आहे आणि आमचं भूत निंबाखाली झोपलंय.

केळनगर नकाशात शोधू नका, सापडायचं नाही. रावेरच्या केळीबागा संपतात, तिथून पुढे ते सुरू होतं. तिथले कंदील माणसाला घरापर्यंत पोचवायला चालत जातात. वैशाखात रस्ते आपले आपण सावलीला सरकतात. अशा नगरीच्या भर मध्यावर मी, बाभळी आणि एक निंब घेऊन पडलेला. कंदीलसुद्धा माझ्या बांधाशी आले की जागच्या जागी थिजायचे. आया माझी भीती घालून पोरांना जेवू घालायच्या. फुकटची बदनामी, दुसरं काय!

भूत मात्र होतं, खोटं कशाला बोलू? शेवंता तिचं नाव. एका आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, तिला माहेरी न्यायला मुराळी आलाच नाही. सासू टोचून बोलली, तशी पोर रागानं एकटीच निघाली आणि उन्हाच्या तडाख्यानं माझ्या निंबाखाली पडली ती पडलीच. तेव्हापासून दर आखाजीला ती निंबाला झोका बांधायची आणि वाटेकडे डोळे लावून बसायची. पाय उलटे. त्यामुळे ती निंबाखाली परतली तरी पावलं शहराकडे निघाल्यासारखी उमटायची आणि सकाळी गावभर बोंब उठायची. बिचारीनं कधी कुणाला हूं की चूं केलं नाही.

सत्याऐंशी साली नगरपालिकेनं ठरवलं, आखाजी झाली की भगत आणायचा, भूत बाटलीत कोंडायचं आणि माझ्यावर बाजारपेठ बांधायची. शेवंतानं ते ऐकलं. म्हणाली, "यंदा तरी कोनी येई का रे, बाबा?" माझा जीव तिळतिळ तुटला.

आखाजीच्या दुपारी रुपचंद आपल्या बहिणीला, तानुबाईला, राजदूत फटफटीवर बसवून केळनगरात माहेरी नेत होता. रस्ता सावलीला सरकला आणि गाडी थेट माझ्या बांधाला येऊन टेकली. तानुबाईला झोका दिसला, झोक्यावरची पोर दिसली.

"दादा, तठे कोन बठेल शे?"

"भूत शे ते! बस गाडीवर, बस!"

तानुबाई कसली बसते? ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "भूत व्हई नहीतर काई व्हई, आखाजीना दिन वाट देखी ऱ्हायनी ती. कोनी तरी लेक शे ना? माले लेवाले उना, तसा तिले बी लेवाले जाय!"

रुपचंदची बोबडी वळली. पण बहिणीपुढे कुणाचं चाललंय? तो निंबापर्यंत आला, डोळे गच्च मिटले आणि म्हणाला, "बहीन, चाल. मी तुले लेवाले उनू."

न्यायला कुणी आलं, हे ऐकून शेवंता एवढी रडली, एवढी रडली, की वैशाखात माझी माती भिजली. मग तिघं राजदूतवर बसून गेली.

शहर आधी हादरलं. पण माहेरवाशिणीला दारातून कोण हाकलणार? तिनं आमरस ओरपला, सांजोऱ्या खाल्ल्या, आणि तिचा झोका इतका उंच जायचा, की बाकीच्या पोरी तिच्याबरोबर बसायला भांडू लागल्या. मी इकडे एकटा. निंबाखाली कुणी नाही, हे मला भारी लागलं.

आखाजी सरली. लेकी परत निघाल्या. बायकांनी शेवंताचीही ओटी भरली आणि तानुबाईनं विचारलं, "तुनं सासर कोठे शे वं माय?"

शेवंतानं माझ्याकडे बोट केलं. "तठे. निंबखाले."

झालं! भगताला वाटेतूनच परत धाडलं. केळनगरच्या लेकीचं सासर मोडून बाजार बांधायचं पाप नगराध्यक्षांनाही पेलवेना.

रुपचंद तिला पोचवायला आला, तेव्हा त्याचे डोळे उघडे होते. जाताना बांधावर थांबला, टोपी सारखी केली आणि माझ्यासमोर हात जोडून म्हणाला, "व्याहीबोवा, आमनी पोरले सांभाळज्यात."

मंडळी, मला आजवर पडीक म्हणाले, भुताटकीचा म्हणाले. नात्यानं हाक पहिल्यांदाच कुणी मारली. आता या कधीतरी. भिऊ नका. सून घरात आहे, चहा झाल्याशिवाय ती कुणाला जाऊ देत नाही.