मुराळ्याची कढई

पंचमीच्या आदल्या दिवशी ओढ्याला पूर आला आणि रुद्रेशच्या अंगात वीरश्री संचारली. धाकटी बहीण महेश्वरी ओढ्यापलीकडे दिलेली. लग्नानंतरची पहिली पंचमी, आणि तिला माहेरी आणायला मुराळी म्हणून जायचा मान त्याचा. पण पूल पाण्याखाली गेलेला, ताडकळसची एसटी बंद. फोनवर महेश्वरी रडवेली झाली होती.

"दादा, सासूबाई म्हनायल्यात, दिवस मावळायच्या आत मुराळी उंबऱ्यावर आला तर जा, न्हाई तर पुढल्या साली."

पुढल्या साली! घरी आईने झोका बांधून ठेवलेला, आणि ही तिची सासू बसम्मा म्हणते पुढल्या साली. रुद्रेशला त्या बाईचा भयंकर राग आला. त्याने ट्रॅक्टरवर घालून गुऱ्हाळातली गूळ शिजवायची कढई काठावर आणली. पुरात इकडचे लोक अशा कढईत बसून पलीकडे जातात. रुद्रेशने ते काठावरून पुष्कळदा पाहिलं होतं, आणि पाहिलं म्हणजे आलंच अशी त्याची समजूत होती.

शाळेत गणित शिकवणाऱ्या सिद्धोधनने मित्राच्या गळ्यात टायरची ट्यूब अडकवली. "पोहायला येतं ना?"

"हिरीत लय पोहलोय."

"हीर पळत न्हाई, रुद्र्या," असं म्हणून त्याने कढई ढकलली.

गूळ ढवळायचं लाकडी फावडं रुद्रेशने उजवीकडून जोरात मारलं. कढई गोल, ती डावीकडे गरगरली. त्याने आणखी जोर लावला, ती आणखी गरगरली. दगडांवरून फेसाळत येणारं पाणी तिला थपडा मारत होतं, तोंडात गढूळ पाणी जात होतं, आणि समोर एकदा बाभळ, एकदा देऊळ, पुन्हा बाभळ. अखेर कढई चिखलात रुतली. तो झिंगलेल्या माणसासारखा उतरला आणि समोरच्या पायांपाशी वाकला.

"शरणार्थ, मावशी! मुराळी आलाव."

"जयभीम," सिद्धोधन म्हणाला. "आलाच हायस तर चहा घेतोस का?"

पलीकडे महेश्वरी पोट धरून हसत होती. मग ती डोळे पुसायला लागली, आणि ते हसण्याचं पाणी नव्हतं. ऊन कलायला आलं होतं. रुद्रेश पुन्हा कढईत चढला.

तेवढ्यात तिच्याशेजारून बसम्मा ओरडली, "ओ पाव्हणं! एका अंगानं मारू नगा! गुडघ्यावर बसा, फावडं म्होरं टाका अन् पानी आपल्याकडं वढा!"

या वेळी त्याने मुकाट्याने ऐकलं. कढई शहाण्यासारखी सरळ निघाली.

उंबऱ्यावर बसम्माने त्याच्या पायांवर पाणी घातलं, गूळ हातावर ठेवला आणि दिवसाकडे बघून म्हणाली, "बसला टायमात. न्हे पोरीला." आणि पोचवायला काठापर्यंत आली.

"मावशी, कढई हाकायला तुमी कुठं शिकलाव?"

"आमच्या बाबांचं गुऱ्हाळ होतं की, तुमच्याच अंगाला, वरल्या गावात. पंचमीला भाऊ न्यायला यायचा कढई घिऊन. वल्हवायची मीच, त्याला जमायचंच न्हाई." ती हसली. "तो गेला. तवापासून मुराळी न्हाई, म्हून पंचमी बी न्हाई."

रुद्रेशचा राग कुठल्या कुठे गेला. त्याला स्वतःची लाज वाटली. "मग चला की, मावशी. कढईत जागा हाय."

"मुराळी उंबऱ्यावरून बोलावतो. काठावरून न्हाई."

तो वळला आणि चिखल तुडवत परत उंबऱ्यावर जाऊन उभा राहिला. "मावशी, पंचमीला चला. मुराळी आलाव!" तो एवढ्या मोठ्याने ओरडला की सगळी गल्ली दारात आली.

"येडं हाय का काय हे," असं पुटपुटत बसम्मा आली आणि आत गेली. बाहेर आली ती नवं इरकल नेसून.

कढईत ती पुढे गुडघ्यावर बसली. फावड्यासाठी रुद्रेशने हात पुढे केला, तो तिने बाजूला सारला. ऐन धारेत नवं इरकल चिंब भिजलं, तरी तिचं तोंड फुललेलं.

"मी काय करू, मावशी?"

"मुराळ्यानं गप बसावं. माहेर आलं का, तेवढं सांग. काठ वळखू येतो न्हवं?"

महेश्वरी फसकन हसली. रुद्रेशने मात्र या वेळी काठाकडे नीट निरखून पाहिलं. बाभळीखाली सिद्धोधन हात हलवत होता.

"आलं, मावशी," तो म्हणाला.